घ्या. हळू.

काकांकडे दोन थर्मास असायचे. एक निळा, एक चेक्सचा. डिसेंबरातली सकाळ, साडेपाच वाजलेले, हडपसरला आमच्या आयटी पार्कच्या मागे पत्र्याची शेड, बाजूच्या रानातून धुकं आत यायचं, आणि हा माणूस मांडीशी दोन थर्मास घेऊन बसलेला. मला घोटभर विचारायचं नाव नाही. पंधरा दिवस वाट बघितली. शेवटी लाज सोडून म्हणालो, "काका, आम्हालाही द्या की थोडं."

काकांनी शांतपणे निळा थर्मास उघडला, झाकणात ओतलं, दिलं. मी मोठा घोट घेतला. नुसतं गरम पाणी.

"हे काय?"

"पाणी."

"मग चहा त्या चेक्सच्यात आहे का?"

"त्यातही पाणी. मी चहा पीत नाही."

आणि माझ्या हातातलं झाकण काढून घेऊन उरलेलं पाणी परत थर्मासात. कारण ते माझ्यासाठी नव्हतंच. ते डीजीसाठी होतं.

डीजी म्हणजे डिझेल जनरेटर. लाइट गेली की अख्ख्या बिल्डिंगला पोसणारं, ट्रकएवढं धूड. काका त्याचे ऑपरेटर. आधी खडकीला एका सरकारी कारखान्यात तीस-पस्तीस वर्षं इंजिनांमध्ये काढलेली, मग रिटायर होऊन आमच्याकडे वर्षावर्षाच्या काँट्रॅक्टवर. मी फॅसिलिटी डिपार्टमेंटमध्ये नवाकोरा, सहा महिने प्रोबेशनवर. फॅसिलिटी म्हणजे काय, तर नळ, एसी, झुरळं आणि डीजी. प्रोबेशन संपलं की पर्मनंट झाल्याचं पत्र मिळणार होतं. नाही मिळालं तर करमाळ्याला वडिलांच्या सायकलच्या दुकानात टायर खोलायचे. करमाळ्यात शाळेच्या गॅदरिंगला मी हेडसरांचा आवाज काढून हेडसरांकडूनच बक्षीस घेतलेलं. माझ्याकडे तेवढी एकच कला. ती डीजीला कामाची नव्हती. निदान मला तसं वाटायचं.

पुण्यात गुरुवारी लाइट जाते. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं, पुणेकर धरूनच चालतो. आमच्याकडे ती बरोबर सकाळी सातला जायची. सात म्हणजे तिकडे अमेरिकेतली संध्याकाळ, आमच्या दोन मजल्यांवर पोरं हेडफोन लावून धडाधड फोन घेतायत, यूपीएसच्या बॅटऱ्या फार तर पंधरा मिनिटं तग धरणार. आणि थंडीत सातला डिझेल इंजिन आणि मी, दोघंही सुरू व्हायला तयार नसायचो.

साधं आहे ना? चावी फिरवायची, इंजिन सुरू, लोड द्यायचा, म्हणजे बिल्डिंगचा भार त्याच्यावर टाकायचा. असं आपल्याला वाटतं. काकांना नाही वाटायचं.

आधी पांघरूण काढायचं. हो, पांघरूण. इंजिनाचा हीटर दोन वर्षांपूर्वी जळालेला, नव्या हीटरची फाइल परचेसमध्ये झोपलेली, म्हणून काका रोज घरी जाताना इंजिनावर मिलिटरी रंगाचं जाड ब्लँकेट घालून जायचे आणि खाली दोनशेचा बल्ब लावून ठेवायचे. सकाळी ते काढायचं. काढून फेकायचं नाही, घडी करायची. चौघडी. कोपऱ्याला कोपरा लागला नाही तर परत उलगडून परत. मग निळ्या थर्मासच्या पाण्याने बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी भुकटी धुवायची. चेक्सच्या थर्मासच्या पाण्यात फडकं बुडवून, पिळून, इंजिन हवा ओढतं त्या पाइपाला गुंडाळायचं. मग हाताची पालथी बाजू इंजिनाला लावून उभं राहायचं. तापलेल्या पोराचं अंग बघतात तसं. किती वेळ? काका जाणे. मी मागे एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"काका, बास ना."

"गार आहे."

"थंडी आहे म्हणून गार आहे!"

"म्हणून तर थांबायचं."

चावी फिरवल्यावर घड्याळ बघायचं नाही. काकांचं माप वेगळं. खडकीच्या माणसाने आयुष्यभर लोणावळ्याच्या लोकलची स्टेशनं ऐकलेली. चावी दाबून ठेवून ते त्या घोषणेच्या चालीत म्हणायचे, "शिवाजीनगर... खडकी... दापोडी... कासारवाडी..." उन्हाळ्यात इंजिन खडकीलाच धरायचं. थंडीत पिंपरी, चिंचवड. आकुर्डीला चावी सोडायची म्हणजे सोडायची. त्याच्यापुढे दाबून ठेवली तर स्टार्टर जळतो. सोडली की एक मिनिट गप्प बसायचं, स्टार्टरला गार होऊ द्यायचं, मग परत शिवाजीनगरपासून. ऑफिसात लोक मला विचारायचे, "आज कुठपर्यंत गेली?" मी सांगायचो, "आकुर्डी. दोनदा."

बरं, सुरू झालं तरी संपलं नाही. सुरू झाल्यावर इंजिन पांढरा धूर सोडत खडखडायचं आणि काका कान लावून बसायचे. "खोकतंय." खोकला थांबेपर्यंत लोड नाही. वॉकीटॉकीला आम्ही सेट म्हणायचो. सेटवर आमच्या मॅनेजरसाहेबांचा आवाज. साहेब अस्सल पेठेतले. शिवी कधी दिली नाही, त्याची गरजच पडायची नाही. "काका, आपलं सावकाश चालू द्या. आम्ही अमेरिकेला कळवतो, की आमच्याकडे इंजिनाला बरं नाहीये."

काकांचा कान इंजिनाकडेच. पाच मिनिटांनी सेट उचलून बापूला सांगायचे. बापू आमचा इलेक्ट्रिशियन, लोणी काळभोरचा, खाली पॅनेल रूममध्ये खटक्यांपाशी उभा असायचा. काका म्हणायचे, "घ्या." त्यावर एवढा मोठा विसावा, की माणूस तेवढ्यात बूट घालून होईल. मग, "हळू." मग बापू एकेक खटका वर करत जायचा. आधी तळमजला, मग पहिला, मग दुसरा, शेवटी एसी.

बरं, हे डीजीपुरतं असतं तर ठीक. हा माणूस स्वतःही तसाच होता. आपण म्हणायचं, "काका, जेवलात का?" आणि पुढे निघून जायचं. आपण ताट घेऊन, जेवून, हात धुवून येत असतो तेव्हा मागून उत्तर येतं, "नाही." एकदा एचआरने सगळ्यांना सॉफ्ट स्किलच्या ट्रेनिंगला बसवलं. वीस-बावीस वर्षांची मॅडम, गोल करून बसवलेले आम्ही, प्रत्येकाने स्वतःबद्दल एक मिनिट बोलायचं. काकांची पाळी आली. काका गप्प. मॅडम हसल्या. काका गप्प. मॅडमनी आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या, धीर यावा म्हणून. काका गप्पच. शेवटी मॅडम "नो प्रॉब्लेम" म्हणून पुढच्याकडे वळल्या, पुढच्याने त्याचं पूर्ण केलं, त्याच्या पुढच्याने केलं, आणि मग काका म्हणाले, "आता बोलतो." आणि बोलले. साडेतीन मिनिटं, वाक्याला वाक्य लागलेलं, कुठे अडखळणं नाही. मॅडमनी वहीत लिहून घेतलं. पण तोपर्यंत आमच्या समोशांची वेळ गेली होती, त्याचं काय?

त्यांच्या बायकोचा फोन आला की मात्र लगेच. "जय भीम. हं. आणतो." संपलं. म्हणजे हा माणूस पटकन बोलू शकत होता. फक्त आमच्याशी बोलायचा नाही!

तर मी यांची नक्कल करायला लागलो. न करून सांगतो कुणाला. आवाज सोपा होता. रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा, थोडा नाकातून. कँटीनमध्ये मी शिवाजीनगर-खडकी करायचो, इडलीला पालथा हात लावून "गार आहे" म्हणायचो, आणि शेवटी पाण्याचा ग्लास सेटसारखा तोंडाशी धरून, "घ्या." सगळे फुटायचे. 'घ्या'लाच एवढे हसायचे, की त्याच्यापुढे मी कधी गेलोच नाही.

एके दिवशी मागे काका उभे. डबा हातात. मी ग्लास खाली ठेवून उठलो. काकांनी मला खालून वर बघितलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बरं करतोस, कलाकार. पण अर्धंच उचललंयस." आणि जेवायला बसले. तेव्हापासून माझं नाव कलाकार.

जानेवारीतला तो गुरुवार. पुण्यात त्या वर्षी रक्त गोठवणारी थंडी, बाइकच्या सीटवर दव नाही, बर्फ असल्यासारखं. त्या दिवशी क्लायंटची माणसं ऑफिस बघायला येऊन बसलेली, आणि यूपीएसच्या अर्ध्या बॅटऱ्या बदलायला काढलेल्या. म्हणजे पंधरा मिनिटांची सात झालेली. साहेबांनी आदल्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून टेबलाचा खण थोडा उघडून दाखवला. आत पाकीट. "तुमचं पत्र. टाइप झालंय, सही राहिलीय. उद्याचा दिवस नीट जाऊ द्या."

सातला लाइट गेली. काकांनी पांघरूण, पाणी, फडकं, सगळं आधीच केलेलं. चावी. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी. नाही. सोडली. एक मिनिट. ते मिनिट मी आयुष्यात विसरणार नाही. परत शिवाजीनगर. चिंचवडला धरलं! शेडभर पांढरा धूर, खड खड खड खड.

"काका, द्या लोड."

"खोकतंय."

सेटवर साहेब. आवाजातला नेहमीचा खवचटपणा गेलेला. "काका, चार मिनिटं राहिली. लोड द्या." मग "तीन." काकांनी सेट माझ्या शेजारच्या डिझेलच्या पिंपावर ठेवला आणि धुराचा रंग बघायला शेडच्या मागे गेले. शांतपणे. जसं काही देवळाला प्रदक्षिणा घालायला निघालेत.

"दोन मिनिटं. काका? काका, आपण ऐकताय का?"

मी सेट उचलला. खरं सांगतो, विचार असा केलाच नाही. माझं पत्र, त्या खणातलं, तेवढं डोळ्यांपुढे. माझ्या आवाजात सांगितलं असतं तर बापूने ऐकलं नसतं, हे मात्र मला माहीत होतं. बटन दाबलं, तोंड पिंपात घातल्यासारखं केलं आणि म्हणालो, "घ्या."

फक्त 'घ्या'.

बापू खाली त्या एका शब्दासाठी टपलेलाच होता. साहेब त्याच्या डोक्यावर उभे. पुढचा 'हळू' आला नाही, म्हणजे घाई आहे, असं त्याने धरलं आणि मेन खटकाच वर केला. दोन मजले, लिफ्ट, एसी, सगळं एकदम. इंजिन ओझ्याखाली बैल बसावा तसं बसलं. एक काळा भपकारा सोडला, दोनदा हादरलं आणि बंद. एवढी शांतता मी त्या शेडमध्ये कधी ऐकली नव्हती. मग वरून यूपीएसची शिटी. मग ती पण बंद.

काका मागून आले. सेट माझ्या हातात. त्यांनी इंजिनाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. पालथा हात लावला. परत शिवाजीनगरपासून सुरू केलं. लाइट यायला बारा मिनिटं गेली.

दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं उभे. बापू घाबरून तावातावाने. "साहेब, म्या सवताच्या मनानं हात लावत न्हाय. काकांनीच सांगितलं घ्या म्हणून. समद्यांनी ऐकलंय. गेटवरच्या शिक्युरिटीला इचारा."

साहेब म्हणाले, "मीही ऐकलं. काका, आपणच बोललात ना?"

खण किंचित उघडाच होता. काका खिडकीबाहेर बघत होते. इंजिन तापायला घेतं तेवढा वेळ गेला.

"आवाज माझाच होता," काका म्हणाले. मग आणखी थांबून, "हळू म्हणायचं राहिलं."

तेव्हा मला कळलं, की त्यांना कळलंय. आणि अर्धं उचललंयस म्हणजे काय, तेही.

साहेबांनी सांगितलं, महिनाअखेरीला काँट्रॅक्ट संपतंय, ते पुढे वाढवणार नाही, आपोआप सुरू होणारं पॅनेल येणारच आहे. काका "बरं" म्हणाले. या वेळी लगेच.

मी संध्याकाळी शेडमध्ये गेलो. "काका, तुम्ही असं का केलं? मी सांगतो साहेबांना."

"सेट कुणाचा होता?"

"तुमचा. पण..."

"मी खाली ठेवला. सेट खाली ठेवायचा नसतो." आणि माझ्या हातात फडकं दिलं. "टर्मिनल पूस."

आता बोला! म्हणजे माझ्यावर उपकारही नाही. मला वाचवलं असं म्हणायचीही सोय नाही. त्यांच्या हिशेबात चूक त्यांचीच, माझी चूक मोजणीतच नाही. माणूस चिडला असता, दोन ठेवून दिल्या असत्या, तर मी मोकळा झालो असतो. हे नाही. वर रोज साडेपाचला शेडवर हजर राहायचं फर्मान. दोन आठवडे मी पांघरुणाच्या घड्या केल्या, परत उलगडून परत केल्या, इंजिनाला पालथा हात लावून बधिर होईपर्यंत उभा राहिलो. रोज ठरवायचो, आज साहेबांना सांगायचं. रोज तो खण आठवायचा. आणि रोज काका, "कापड पिळलं नाहीस नीट."

महिन्याचा शेवटचा गुरुवार. काकांचा शेवटचा दिवस. लाइट गेली. काका पिंपावर बसले, हाताची घडी. "तू कर."

मी केलं. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, आणि धरलं! थंडीत कासारवाडीला! मी काकांकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नाही. मी कान लावला. खोकत होतं. थांबलो. साहेब सेटवर, बापू सेटवर, मी थांबलो. आणि मग खरंच, खडखड एका क्षणाला मऊ झाली. काकांनी त्यांचा सेट माझ्यापुढे धरला.

मी बटन दाबलं आणि सवयीने घसा नाकात गेला. काकांनी सेटवर तळवा ठेवला.

"माझा नको. मी उद्यापासून नाही."

मी घसा साफ केला. "घ्या."

सेटवर खरखर. मग बापू. "कोन बोलतंय?"

"मी."

"मी कोन? काकांनी सांगितल्याबिगर म्या खटक्याला हात लावनार न्हाय. मागल्या टायमाला निस्तरलंय म्या."

वर यूपीएस मिनिटं खात होता. इंजिन छान चाललं होतं. काका इंजिनाकडे बघत होते. मी बटन परत दाबलं. हा चॅनेल सगळ्यांच्या कानात असतो, हे मला नीट माहीत होतं. साहेबांच्या, गेटच्या, पँट्रीच्या.

"बापू, मी बोलतोय. करमाळ्याचा, फॅसिलिटीतला. आणि त्या गुरुवारीपण मीच बोललो होतो. काकांचा आवाज काढून. काका तिथं नव्हतेच."

आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं संपल्यावर कुणी हसलं नाही. आणि मागून काका, कधी नव्हे ते ओरडून, "अरे लोड! लोड दे आधी! इंजिन ताटकळलंय!"

"घ्या," मी म्हणालो. थांबलो. आता तो विसावा आपोआप आला, मोजावा लागला नाही. "हळू."

तळमजला. पहिला. दुसरा. एसी.

मग सेटवर साहेब. "दोघंही वर या." काकांनी सेट घेतला. "येतो. इंजिन बघून." आणि ब्लँकेटची घडी तपासायला बसले. आम्ही वीस मिनिटांनी वर गेलो.

माझं पत्र खणातच राहिलं, प्रोबेशन तीन महिने वाढलं. बापू महिनाभर सेटवर माझी उलटतपासणी घेतल्याशिवाय लोड द्यायचा नाही. आणि साहेबांनी काकांना सांगितलं, पॅनेल येईपर्यंत राहा, आपली माफी मागतो. मला वाटलं, काका निदान पाठीवर हात ठेवतील. जिना उतरताना म्हणाले, "बायकोला सांगून बसलो होतो, उद्यापासून उशिरा उठणार. आता तुझ्यामुळे परत पाचला."

शेडच्या दारावर खडूने त्यांचे नियम लिहिलेले असायचे. तिथे त्यांनी मला उभं केलं, हातात खडू दिला. "लिही. सेटवर कबुली देऊ नये, लोड खोळंबतो."

मी लिहिलं. त्यांनी जवळ जाऊन, चष्मा वर करून, बराच वेळ बघितलं. मग चेक्सच्या थर्मासमध्ये बुडवलेलं फडकं माझ्याकडे टाकलं.

"पूस. अक्षर माझं काढलंयस."